रक्ताची डॉक्टर

धाड, गुरुवार, दुपार

प्रिय बाबा,

तुम्ही बाहेर ओट्यावर बसलात आणि मी आत बसून तुम्हाला पत्र लिहितेय. मध्ये दहा पावलं आणि एक पडदा. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं हे करावं म्हणजे कमाल आहे, पण तोंडानं बोलायला आले की तुम्ही गाईला पाणी दाखवायला उठता. सकाळपासून तीनदा उठलात. गाय एकच आहे.

परवा पुण्याहून निघाले तीच चिडून. माझ्या एका शोधनिबंधाचा आधार जगभरातल्या अठराशे संशोधकांनी आपापल्या लेखनात घेतलाय, तरी बढतीची समिती म्हणते, अलीकडे तुमचा आकडा वाढत नाही. वीस वर्षं पेशी आणि उंदीर सांभाळले आणि शेवटी मोजतात काय, तर कोणी किती वेळा माझं नाव घेतलं! म्हटलं घरी जावं, आईच्या हातची भाकरी खावी, चार दिवस डोक्याला ताप नको.

काल मेथी निवडता निवडता आई उठली आणि ज्वारीच्या कोठीतून घडी घातलेला कागद काढून दिला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तुमचं रक्त तपासलं, त्याला आठ महिने झाले. मला का नाही कळवलं म्हणून मी ओरडले, तर ती म्हणाली, "म्या म्हटलं होतं, अनुले सांगा. तर म्हने, पोरीले असं कसं सांगू? अन् ते रक्ताची डॉक्टर, तिले लघवीतलं काय समजते?"

बाबा, ‘रक्ताची’ हे मीच सांगितलं होतं.

पीएचडीला गेल्यावर पहिल्यांदा घरी आले, तेव्हा ओट्यावर शालिग्रामकाकांसह चार माणसं बसली होती. तुम्ही कौतुकानं म्हणालात, "काय शिकून राह्यली, सांग बरं यायले." प्रोस्टेट म्हटलं असतं तर ते काय म्हणून कोणीतरी विचारणार, आणि मग तुमच्यादेखत मी काय सांगणार होते? म्हटलं, रक्तातल्या पेशी. झालं! आठवडी बाजारात मिरच्या तोलता तोलता तुम्ही ते गावभर केलंत. शाळेनं सत्कार केला, मानपत्रात ‘रक्तविकार संशोधिका’ छापलं, आणि मी शाल-नारळ घेऊन हसत फोटो काढला. तेव्हा खरं सांगायला काय धाड भरली होती मला!

मी रक्ताची नाही, बाबा. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, तिच्या कॅन्सरची आहे. वीस वर्षं तेवढं एकच काम केलं. तुम्ही एसटी सोडून जीपनं जाऊ लागलात, कारण जीप सांगेल तिथे थांबते. बाजारात बसणं सोडलंत आणि नाव गुडघ्याचं पुढे केलंत. गावाला जायच्या दिवशी चहाचा कप परत पाठवता. असल्या तक्रारींवरच तर माझे निबंध सुरू होतात. परक्या अठराशे लोकांनी ते वाचले, आणि मला स्वतःच्या बापाकडे बघून काही कळलं नाही. तुमचा राग येतो, आईचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो.

कागदावरचा पीएसएचा, म्हणजे त्या ग्रंथीचा रक्तातला आकडा अडतीस आहे. तो चार-पाचाच्या आत असायला हवा. एवढ्यावरून कॅन्सरच आहे असं ठरत नाही, पण डॉक्टरांनी ग्रंथीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं आणि तो कागद आठ महिने ज्वारीत पडून राहिला. मला भीती वाटतेय, बाबा. आता आणखी एक दिवसही घालवायचा नाही.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही मला काहीच सांगू नका. उद्या सकाळी सात वाजता जीपवाल्या निवृत्तीला यायला सांगून ठेवलंय, संभाजीनगरला माझ्या ओळखीचे डॉक्टर वाट बघतायत. यायचं असेल तर नुसती बाहेर जायची टोपी घालून ओट्यावर बसा, मी समजेन. आणि निघताना चहा पूर्ण प्या. वाटेत थांबावं लागेल, चारदा लागेल, तर लागू दे. तुम्ही निवृत्तीच्या कानात पुटपुटायचं नाही. मी सांगेन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, की थांब रे, माझ्या बाबांना लघवीला जायचंय.

तुमचीच,
अनु