यंदा कुलूप लावा

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टी जवळ आली. आम्ही सगळे महिनाअखेरीस डोंगरावर चाललो आहोत, चांगले तीन आठवडे. तिकिटं काढली. तू नेहमीसारखी आदल्या दिवशी ये, म्हणजे किल्ल्या तुझ्या हातात देऊन निघू. मागच्या दाराची कडी अजून अडते, ती कशी लावायची ते तुलाच ठाऊक. ही म्हणते, ताई आल्या की घराची काळजीच नाही. फ्रीज भरून ठेवतो.

माया आहेच, उरलेली भेटीत.
तुझा,
ढब्बू

ता. ९ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. डोंगरावर कानटोपी ने, तुला गार वारं सोसत नाही. मी येणार नाही.

वाक्य पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलं आहे. त्याच दिवसांत मी समुद्रावर चालले आहे, शाळेतल्या चिमणीबरोबर. ती आता चांगली घारीएवढी झाली आहे, पण नाव तेच. समुद्र मी एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत. सिस्टरांनी आम्हाला रांगेत उभं करून तो लांबून दाखवला आणि पायमोजे काही काढू दिले नाहीत.

आपल्याकडे कुठे जायचं ठरलं की घर राखायला कोणीतरी मागे हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. आधी आई-बाबांच्या घरी, मग तुझ्या. तुम्ही येताना शाल आणायचात. मी न पाहिलेल्या डोंगरांच्या शालींनी माझी ट्रंक भरली आहे. आणि गंमत पाहा, तुझं घर राखायला येताना माझी खोली दर वर्षी कुलपातच असायची. तिला कोणी राखलं नाही, तरी ती कधी फुटली नाही.

मी माणूस आहे रे, कुलूप नव्हे. कुलूप बाजारात मिळतं. एक चांगलं घे. पेपर बंद कर. दारात साचलेले पेपर म्हणजे चोराला आमंत्रण. किल्ली कुंडीखाली ठेवू नकोस, ती जागा आता मांजरांनाही पाठ झाली आहे. समोरच्या बाईंकडे दे. कडीसाठी सुतार बोलाव. आणि दुकानात दिसेल त्या गिऱ्हाइकाला आम्ही चाललो, आम्ही चाललो म्हणून सांगत सुटू नकोस. तुझं तोंड हीच घराची सगळ्यात सैल कडी आहे.

सर्वांना आशीर्वाद. रागावलास तरी पत्र टाक.
ताई

ता. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ही रडली. मलाही जेवण गेलं नाही. त्यातच पलीकडच्या गल्लीत मास्तरांचं घर फोडलं. मंडळी गावाला गेली होती. चोरांनी गादीसुद्धा उसवून पाहिली. आता आमचं फुटलं तर मी कोणाकडे पाहायचं? समुद्र काय पळून जातो? पुढच्या वर्षी मी स्वतः तुला नेईन. चिमणीताईंनाही इकडेच आण, गच्चीवर वारा छान येतो. आम्ही तर हे घर तुझंच समजतो. आमच्याशिवाय तुला आहे तरी कोण?

तुझ्या होकाराकडे डोळे लावून,
ढब्बू

ता. २० एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

समुद्र पळून जात नाही, खरं आहे. माझे गुडघे मात्र चालले आहेत.

मास्तरांचं ऐकून वाईट वाटलं. पण एक सांग, गादी उसवणारे ते चोर तुझ्याकडे आले असते, तर त्या गादीवर मी असते, हे तुझ्या मनात आलं का? घर एवढं धोक्यात आहे म्हणतोस आणि साठी उलटलेल्या बहिणीला त्यात एकटीला झोपवायला निघतोस. चष्म्यांचं दुकान आहे ना तुझं? एखादा स्वतः लावून पाहा.

घर माझंच समजता ना? मग असं समजा, घरची बाई यंदा फिरायला गेली. पत्ता मागे लिहिला आहे.

लोभ जमला नाही तर राग असू दे, तोही जपून ठेवीन.
ताई

ता. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंडळी डोंगरावर पोचली. मी घरीच आहे. नवं कुलूप आणलं, सुतारानं कडी नीट केली, पण निघायच्या वेळी पाय उंबऱ्यातून उचलेना. आता भांडं पडलं तरी छत्री घेऊन उठतो.

काल समोरच्या बाई भाजी द्यायला आल्या आणि माझ्या हातातली छत्री पाहून हसत सुटल्या. म्हणाल्या, तुमच्या बहिणीची युक्ती तुम्हाला काही जमायची नाही. कसली युक्ती, विचारलं. तर म्हणे, तू दाराबाहेर माझे जुने बूट ठेवायचीस आणि दिवेलागणीला अंगणात उभी राहून आत तोंड करून मोठ्यानं हाक मारायचीस, की अहो, चहा टाकते आहे, येताय ना बाहेर. पहिल्या वर्षी बाईसुद्धा फसल्या. त्यांना वाटलं, ताईंनी गुपचूप लग्न उरकलं.

मीही हसलो. मग हसू येईना. एवढी भीती वाटत होती, तर कधी बोलली का नाहीस? लिहिता लिहिता उत्तर मलाच सुचलं. मी कधी विचारलंच नाही.

काय लिहू? पायाशी जागा असू दे.
ढब्बू

ता. ६ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

समोरच्या बाईंच्या पोटात काही म्हणून राहत नाही. हो, मारायची हाक. भीतीनं सुरू केलं, पुढे सवय झाली. माझे ते फार गुणी होते. चहाला कधी नाक मुरडलं नाही, आणि तू घर राखायला थांब असं चुकूनही म्हणाले नाहीत. तेव्हा कीव करू नकोस. आमचा संसार तुमच्यापेक्षा शांत होता.

परवा किनाऱ्यावर होडीवाल्याला बोलवायचं होतं. सवयीनं तोंडून अहो निघालं, आणि तो चक्क वळला! त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे वळले. चिमणी हसून हसून वाळूत बसली, तिला उठवायला त्या सगळ्यांना यावं लागलं. पायमोजे मी पहिल्याच दिवशी काढले. पुढच्या वर्षीच्या खोल्याही आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.

आता तू ऊठ. छत्री खुंटीला लाव, किल्ली समोर दे, कुलूप घाल आणि मागे न पाहता डोंगरावर जा. अजून दिवस आहेत.

एवढं सांगूनही घरीच बसलास, तर घर राखल्याबद्दल तुझ्यासाठी इथून एक शाल आणीन. समुद्रकाठी शाली सहसा मिळत नाहीत. शोधीन.

तुझ्यावर लोभ आहे, पण लांबून.
ताई