आईचा हात आणि तुमची निशाणी

बाबा,

त्या दिवशी आई मतदान केंद्राबाहेर, शाळेच्या पायरीवर बसून रडली. तुमच्या तेरवीलाही ती चारचौघांत रडली नव्हती. रांगेतल्या बायका वळून वळून बघत होत्या, एकीला वाटलं म्हातारीला ऊन लागलं, तिने पाण्याची बाटली पुढे केली. आईचं लक्ष नव्हतं. ती उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून एकच घोकत होती, ‘‘हात आपोआप गेला वं. मी तं काही केलंच नाही.’’ आपण तुमच्याशी बेइमानी केली असं तिच्या मनाने घेतलं आहे, आणि ते अजून निघत नाही. हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचलं नाही.

तुमच्या वेळी मतदानाचा दिवस म्हणजे आपल्या घरचा सणच. खापरखेड्याच्या कॉलनीतलं ते क्वार्टर, वीज केंद्राच्या चिमण्यांची राख अंगणात पडलेली, आई ती झाडून आत येते तोवर तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. ड्युटीवर कधी एवढ्या उत्साहाने गेलेले मी तुम्हाला पाहिलं नाही. चुलीवर आलूपोह्याची कढई आणि ओट्यावर दोन डबे. एक केंद्राबाहेरच्या आपल्या पक्षाच्या टेबलासाठी, एक समोरच्या पक्षाच्या टेबलासाठी. एका वर्षी मी अडून बसले, त्यांना आपले पोहे काहून द्यायचे म्हणून. तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. ‘‘उपाशी माणसाशी काय भांडाचं वं? खाऊ दे त्याहिले पोटभर, मंग भांडू.’’ मी मुकाट्याने डबा घेऊन गेले, आणि त्यांच्यातल्या एका काकांनी पोह्यांवर तर्री कमी आहे म्हणून वर तक्रारही केली.

आईला वाचता येत होतं ते जेमतेम. म्हणून निवडणूक आली की तुम्ही पोळ्यांच्या वेळी तिच्याजवळ पाट मांडायचात आणि पोळपाटावरच्या पिठात बोटाने आपली निशाणी काढायचात. कोणती ते लिहायला नको, तुम्ही ती झोपेतही काढली असती. मग आईने अंगठा टेकवायचा. पुसायचं, पुन्हा काढायची, आता दुसऱ्या जागी, आजूबाजूला चार वाकड्यातिकड्या निशाण्या. आई वैतागायची, ‘‘पोळ्या करू देता का पक्ष चालवू?’’ पण अंगठा बरोबर जागी पडायचा. कागदावरचा शिक्का जाऊन मशीन आलं तरी तुमचा हा क्लास बंद झाला नाही.

तुम्ही गेलात आणि पुष्कळ वर्षांनी पक्ष फुटला. फुटून गेलेल्यांनाच निशाणी मिळाली. या लोकसभेला त्या निशाणीवर आपल्याकडे जो माणूस उभा केला, तो परवापर्यंत समोरच्या पक्षात होता, तोच पक्ष ज्याच्याशी तुम्ही पोहे खाऊ घालून लढत आलात. आणि आपले जे मागे उरले, त्यांनी नेमकी त्याच पक्षाशी युती केलेली. ते दारोदार सांगत होते, आपला उमेदवार नाही, त्यांची निशाणी दाबा. म्हणजे तुमची निशाणी दाबावी तर मत समोरच्या पक्षातून आलेल्याला, आणि तुमच्या माणसांना साथ द्यावी तर बटण समोरच्यांचं. सगळ्या राज्यात असलाच खिचडा शिजत होता. लोक हसत होते. मला काही हसू आलं नाही.

तुमच्या हाताखाली तयार झालेले दोघे कार्यकर्ते आता दोन बाजूंना आहेत. एकाच आठवड्यात दोघेही आईकडे तुमचा फोटो मागायला आले. तिने दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही तोच फोटो दिला. मी चिडले तर म्हणाली, ‘‘दोघंही त्याहिच्याच हातचे. कोनाले नाही म्हनू?’’

मी शहरातून, नंदनवनहून, दर रविवारी खापरखेड्याला आईकडे जात होते. तिला समजावणं माझ्याकडे आलं.

‘‘आई, या वेळी आपली निशाणी आपली नाही.’’

‘‘मंग कोनाची हाय?’’

‘‘फुटून गेले त्यांची.’’

‘‘मानसं फुटतेत. निशाणी कशी फुटन वं?’’

शेवटी मी ठेवणीतलं वाक्य काढलं, ‘‘बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं.’’ झालं, ती लगेच तयार झाली. तुमच्यासारखीच मीही पिठात निशाणी काढली, समोरच्यांची. तिने अंगठा टेकवला, आणि विटाळ झाल्यासारखा पदराला पुसला.

मतदानाच्या दिवशी ऊन तापायच्या आत तिला घेऊन गेले. शाळेबाहेर दोन्ही टेबलांवर हॉटेलची पार्सलं आलेली, कोणी कोणाला विचारत नव्हतं. दोन्हीकडच्या फ्लेक्सवर तुम्ही तोच सदरा घालून हसत होतात. आई आत गेली. मशीनची लांबलचक शिट्टी मला दारापर्यंत ऐकू आली, आणि ती बाहेर आली तीच पायरीवर बसली. आत आडोशामागे समोर तुमची निशाणी दिसली आणि जन्मभर गेला तसा अंगठा गेला. ‘‘तुह्या बाबाले काय वाटन वं आता? त्याहिचे लोक सोडून मी तिकडं देऊन बसली.’’

निकालाच्या दिवशी तुमची निशाणी पडली आणि तुमचे लोक ज्यांच्यासोबत होते ते जिंकले. टीव्हीवाले ओरडत होते, जनतेने फोडाफोडीला धडा शिकवला. आई म्हणाली, पेढे आणायचे का नाही ते सांग. मी टीव्ही बंद केला. काही महिन्यांनी विधानसभा आली आणि वारं पार उलटं फिरलं. धडा कोणी शिकला म्हणायचं? तुमच्या त्या दोघांपैकी एकाने पुन्हा उडी मारल्याचं ऐकते आहे, मला त्याचंही काही वाटेनासं झालं आहे. आईच्या अंगणात राख अजून पडतेच. ती थांबावी म्हणून तुम्ही दिलेले अर्ज कोणत्याच पक्षाने वाचले नाहीत. पुढच्या वेळी आईला मी नेणार नाही, आणि बहुतेक मीही जाणार नाही.

मागच्या रविवारी तिने परत विचारलं, ते असते तर त्यांनी काय दाबलं असतं. मी म्हटलं, ‘‘तू दाबलं तेच दाबलं असतं, वं आई. रडू नको.’’ तिला बरं वाटलं, खूप दिवसांनी पोटभर जेवली. मी मात्र जेवू शकले नाही. तिची समजूत काढायला म्हणून बोलले, आणि तोंडातून निघाल्यावर कळलं की हे बहुधा खरं आहे. पक्षाने तुम्हाला कधी काही दिलं नाही, तरी तुम्ही त्याची प्रत्येक गोष्ट पोटात घातलीत, हीसुद्धा घातली असतीत. मशीनमागे उभं राहून तुम्ही काय केलं असतं, ते मला तुमच्याकडून ऐकायचं नाही. म्हणून कागदावर लिहिलं, याला उत्तर येत नाही. तुम्ही नाही आहात याचं या वर्षी मला पहिल्यांदा बरं वाटलं, बाबा.