बोटाएवढी डबी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही, मी काहीही उलटं जोडलेलं नाही. तू लिहितोस की माझ्याच हातून काहीतरी झालं असणार, आणि ते वाचून आप्पांनी लगेच मान डोलावली. तुम्हा दोघांचं एकमत दोन वर्षांत पहिल्यांदा झालं, तेही माझ्यावर.

तू पाठवलेला तो काळा सबवूफर दिवसभर घुंघुं करतो. गाणं असो नसो, आवाज कमी करा, वाढवा, त्याचं आपलं एकच. माझी कॉट त्याला चिकटून आहे, त्यामुळे पुस्तक उघडलं तरी अक्षरं थरथरतात. बंद करू म्हटलं तर आप्पा म्हणतात, पोराने पाठवलेली वस्तू बंद ठेवायची का.

नकाशे छापणाऱ्या कारखान्यात मला १ मार्चला हजर व्हायचंय. एकदा तारीख पुढे ढकलून घेतली, आता ते ढकलणार नाहीत. आप्पांची अट अशी, की हे आधी नीट करून जा, कारण कपाटामागे वाकणं त्यांना जमत नाही. गुडघे. त्यांना मोजेसुद्धा रोज मीच घालते. त्यांनी एक उपायही सुचवलाय: प्लगची मोठी पिन तोडून टाक, थिएटरात आम्ही असंच करायचो. तोडू का?

तू सभागृहांत भोंगे बसवणारा माणूस. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लोभ आहेच, थोडा कामालाही लाव.

तुझी,
चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पिन तोडायची नाही. ती अर्थिंगची पिन. ती गेली की घुंघुं जाईल, पण आत काही बिघडलं तर करंट डब्याच्या अंगावर येईल, आणि त्या डब्यावर आप्पा चहाचा कप ठेवतात हे मला माहीत आहे. थिएटरात ते वाचले हे नशीब.

आता नीट वाच. सबवूफर आणि ऍम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर दोन्ही एकाच बोर्डावर घे. तरीही आवाज असेल तर मागच्या तारा एकेक करून काढ. प्रत्येक वेळी सगळं बंद करायचं, एक तार काढायची, परत चालू करून ऐकायचं. जी काढल्यावर शांत होईल ती चोर. यंत्रांना जमिनीकडे जायच्या दोन वाटा मिळाल्या की वीज त्या दोन वाटांमध्ये गोल फिरत बसते. बाकी काही नाही.

नोकरीचं म्हणशील तर उन्हाळ्यापर्यंत थांबली असतीस तर बरं झालं असतं. मी तेव्हा बघतो काहीतरी. आप्पांना नमस्कार सांग, आणि तुझी माया आहे तेवढीच राहू दे.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चोर सापडला. गच्चीवरून येते ती टीव्हीची केबल. ती काढली आणि घर एकदम गप्प झालं. बाथरूमचा नळ गळतो हे मला आज कळलं. खालच्या शिंपीणबाई मशीन चालवताना स्वतःशी बोलतात हेही.

आप्पा मात्र खूश दिसले नाहीत. बातम्या गेल्या म्हणाले. मग तुझं पत्र उघडून बसले. ते सगळी ठेवतात, पलंगाखालच्या ट्रंकेत. ती ट्रंक कोणी ओढून काढली, हे मी विचारलं नाही.

तू उन्हाळ्याचं लिहिलंस. कुठल्या उन्हाळ्याचं ते लिहायला विसरलास. तुझा विसर पडू देत नाहीस, एवढ्यावर भागवते.

तुझी,
चिमणी

१८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत बोटाएवढी डबी पाठवतोय. केबल आणि टीव्ही यांच्या मधे बसव. चित्र येईल, घुंघुं येणार नाही. मग तू मोकळी. घाईत आहे, राग धरू नकोस.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी डबी बसवली. दोन दिवस बरं होतं, आता आवाज परत तसाच. तिला काही हे जमत नाही, तिचं लक्ष बॅगेकडे आहे. आणखी काय करून बघावं ते सविस्तर लिही. मागचं पत्र फारच आखूड होतं. येऊन बघितलंस तर उत्तमच, पण लिही तरी.

इथे आम्ही दोघं ठीक. तब्येतीला जप.

तुझे,
आप्पा

२८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आप्पांनी परवा एक बंद पाकीट मला टाकायला दिलं. मी ते न उघडता टाकलं. आत काय असणार याचा अंदाज आहे.

तुझी डबी उत्तम चालली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुंघुं. कपाटामागे पालथी पडून बघितलं तर डबी गायब, केबल थेट टीव्हीला, पक्की पिळून बसवलेली. डबी काल सापडली. आप्पांच्या चष्म्याच्या घरात. त्यांनी चष्मा मागितला, मी घर उघडलं, आणि आम्ही दोघांनी ती बघितली. मी चष्मा दिला आणि घर मिटलं.

पण ती केबल जमिनीपासून वीतभर वर आहे, दादा. तिथवर वाकल्याशिवाय हात पोचत नाही. वर्षभर मी त्यांच्या गुडघ्यांसाठी इथे आहे.

आणि मला राग येईना, हीच पंचाईत. दोन वर्षं तुझी एक ओळ नव्हती. डबा घुंघुं करायला लागला आणि दर आठवड्याला पत्र. तुला तारांशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी तार जोडून ठेवली. त्यात मीही आपोआप अडकले, एका दगडात दोन पोरं.

आज सकाळी मोजे मी त्यांच्या पायात चढवले नाहीत. कपाटामागे, केबलच्या शेजारी नेऊन ठेवले आणि बॅग भरायला लागले. बराच वेळ ते खुर्चीत बसून होते. मग उठले, मागे गेले, खाली बसले, मोजे घातले. बाहेर आले तेव्हा कोपराला जाळं लागलेलं. मी ते झटकलं. उद्या थंडी असेल, कोट घे, एवढंच म्हणाले.

डबी मी परत बसवलेली नाही. ती चष्म्याच्या घरातच आहे, आणि डबा घुमतोय. बसवायची तर तू येऊन बसव, किंवा त्यांना गुडघ्यांबद्दल विचारणारं पत्र लिही. शिंपीणबाईंकडे किल्ली आहे, जेवणाचा डबा त्या देतील.

उत्तर इथे पाठवलंस तर ते आप्पा वाचतील, मी नाही. कारखान्याचा पत्ता मी अजून कोणाला दिलेला नाही. खाली रिक्षावाला दुसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय. निघते.

चिमणी