जरा उत्तरेला

प्रिय मार्सी,

परवा फोनवर तू विचारलंस, "म्बाक, ताई गं, मुलाकडं रमलीस ना?" आणि मी "छान आहे सगळं" म्हणाले, कारण सिगित शेजारीच बसून कान देत होता. आता तो आणि सूनबाई कामावर गेलेत, म्हणून खरं काय ते लिहिते. मी अजिबात रमलेली नाही. मी चिडले आहे. सोलोहून निघताना तू मला तेंपेच्या वड्यांचा डबा दिलास, त्याऐवजी मलाच धरून ठेवलं असतंस तर बरं झालं असतं.

इथं बकासीत सगळी घरं एका साच्यातून काढलेली. तोच बदामी रंग, तेच फाटक, दाराशी तीच कुंडी. सकाळी मी फिरायला निघते. समोरून माणसं येतात, कानांत ती गाण्याची बोंडं खुपसून, नजर जमिनीवर ठेवून. मी हसते, मान लववते आणि विचारते, "कुठं निघालात?" मार्सी, यात काय चुकलं गं? आपल्या गल्लीत न विचारता कुणी पुढं गेलं तर घरात भांडण झालंय का म्हणून चर्चा होते. आणि कोण कुठं चाललंय याच्याशी आपल्याला तरी काय देणंघेणं? "जरा उत्तरेला" म्हटलं की संपलं. वागियो आठवतो ना? वर्षानुवर्षं "जरा उत्तरेला" म्हणून घरातून निघायचा आणि दुसरीचं घर होतं दक्षिणेला. सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण कुणी त्याला अडवून पुढचा प्रश्न विचारला का? तेवढी रीत आपल्याला कळते.

इथल्यांना नाही कळत. एक बाई थांबली, कानातलं बोंड काढलं आणि म्हणाली, "आपण ओळखतो का एकमेकींना?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणते, "मग?" तो "मग?" अजून माझ्या घशात अडकलाय. एका गृहस्थानं गंभीर होऊन सांगितलं, "ऑफिसला. का हो?" त्याचं तोंड बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं. एक पोरगी तर मला बघितलं की रस्ताच ओलांडते. माणसानं माणसाकडं बघून हसूही नये? तोंड काय फक्त जेवायला दिलंय?

बोलणारा एकच, वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी सारमान. क्लातेनकडचा आहे, म्हणजे आपलाच. "सिंबाह, कुठं निघालात?" अशी त्यानं मला आजी करून हाक मारली की माझी सकाळ उजाडते. मी म्हणते, "जरा उत्तरेला." तो म्हणतो, "सावकाश हं." एवढंच. पण त्या एवढ्याशानं माझा दिवस निघतो.

मग ते प्रकरण झालं. वसाहतीतल्या लोकांचा फोनवर ग्रुप आहे. त्यात कुणी तरी लिहिलं की, एक म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठं चाललात विचारत फिरते, घरं रिकामी कधी असतात याची टेहळणी तर चालली नाही ना? सिगितनं ते वाचून दाखवलं आणि मला हसू आवरेना. या गुडघ्यांनी मी चोरांची हेर! पण तो हसला नाही. म्हणाला, "इबू, तू त्याच त्या माणसांना रोज तेच विचारतेस. काल विचारलेलं तुझ्या लक्षात राहत नाही का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तू तुझ्या साहेबाला जन्मात एकदाच सलाम ठोकलास, का रोज ठोकतोस?" तर सूनबाई, फित्री, मध्ये पडली, अगदी गोड आवाजात. विसरण्याच्या आजाराचे एक चांगले डॉक्टर आहेत म्हणे, नुसतं दाखवून येऊ. तेव्हापासून घराच्या फाटकाची किल्ली या दोघांकडं. "आम्ही घरी असू तेव्हा आपण मिळून फिरू हं, इबू." मी काय कुत्रं आहे, पट्टा बांधून फिरवायला? आणि हा कोण, तर आपल्याच गल्लीत वाढलेला सिगित! शाळेला निघाला की दहा दारांत थांबून सांगत जायचा आणि शाळेला उशीर करायचा. त्याला कसं गं आठवत नाही? विसरण्याचा आजार नक्की कुणाला झालाय?

आज सकाळपासून मला सारखी आई आठवतेय. तिचे शेवटचे दिवस. ठेवणीतला केबाया घालून बाजाराला निघायची, जो बाजार कधीच जळून गेला होता त्या बाजाराला. आपण दाराला कडी लावली का कधी? लावायची गरजच पडली नाही. कोपऱ्यावर तुकिनेम वडे तळत बसलेली असायची. "कुठं निघालात?" म्हणून विचारायची आणि उत्तर वाकडं आलं की म्हणायची, "जाल हो, आधी घोटभर चहा तर घ्या." चहा पाजून हाताला धरून आणून सोडायची. तुकिनेम नसली तर दुसरं कुणी असायचं. आई दर वेळी घरी आली. तिला काय झालंय हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तिच्यासमोर कुणी एका शब्दानं ते काढलं नाही.

आता जे लिहिते ते फक्त तुला. किल्ली काढून घेतली त्याच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. मी वळणं घेत घेत वसाहतीच्या मागच्या फाटकापाशी पोचले. तिथं सारमान उभा होता. नेहमीसारखं म्हणाला, "सिंबाह, कुठं निघालात?" मी तोंड उघडलं, "जरा..." म्हटलं, आणि पुढं काही येईना. मला उत्तर कुठली ते कळेना, मार्सी. जेवताना "मीठ जरा पश्चिमेला सरकव" म्हणणारी मी, मला चारांतली एक दिशा सापडेना. सारमाननं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "चला, मीही तिकडंच निघालोय," आणि घराच्या दारापर्यंत आला. सिगितला त्यानं काही सांगितलं नाही. आभाळामुळं झालं असेल. सगळी घरं सारखी, म्हणूनही झालं असेल. तसं नसेलही. मला भीती वाटते गं.

रविवारी सिगित तुला फोन करणार आहे. इबू तिकडंही अशीच वागायची का, हे विचारायला. त्याला सांग, जन्मापासून अशीच आहे. ते खोटं नाही. डॉक्टरकडं मी जाईन, त्याला माझी ना नाही. पण त्यानंतर मला सोलोला आणून सोड, असं त्याला बजाव. तुझं तो ऐकतो. इथं ते मला कुलपात ठेवतील, मायेनंच ठेवतील, पण ठेवतील. तुझी मागची खोली झाडून ठेव. दार उघडं असू दे. मी निघाले की त्या गल्लीत कुणी ना कुणी विचारेलच, कुठं निघालीस म्हणून. मला उत्तर देता आलं नाही, मी नुसतीच हसले, तरी मला कुठं परत न्यायचं ते त्यांना माहीत असेल.

हे पत्र घराच्या फाटकातून सारमानच्या हाती देते आहे, तो टपालात टाकेल.

सध्या तुझ्या पश्चिमेला असलेली (दिशा सारमानला विचारून लिहिली आहे),
तुझीच,
यातमी