आईवरचा उजेड

मुरुड, मंगळवार संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. एका मुलानं मला, फोटोवालीला, नव्या होडीसमोर त्याच्या आईवडिलांचा फोटो काढायला बोलावलं, आणि म्हणतो, "उजेड बाबांवरच टाक, ताई. आई मागं दिसली न दिसली, चालंल." का चालंल? मासळी विकून होडी उभी केली तिनं! तरी मी ऐकलं. का ऐकलं? स्टँडवरच्या फ्लॅशचा झूम वाढवला. झोत बारीक झाला. एक फोटो काढून पाहिला: बाबा उजळले, आई काळोखात गेली. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून विचारलं, "मी कुठं हाय गो?" मुलगा हसला. हसला! मी झूम पार कमी केला. पुन्हा एक काढला, उजेड दोघांवर पसरला.

"असा नको!" मुलगा ओरडला.

बाबांनी आईला हात धरून शेजारी ओढलं. म्हणाले, "आता काढ."