पाय जड पडतात त्या दिवशी

प्रिय रीना,

परवा ग्रुपवर तू विचारलंस, तोच रस्ता, तेच बूट, तरी काही दिवशी पाय उचलतच नाहीत, असं का होतं? आणि खाली रडका चेहरा टाकलास. लगेच सगळ्याजणी मदतीला धावल्या. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं थायरॉइड तपासून घे, चंदाने तर हळदीच्या दुधाचा फोटोच पाठवला. मी काहीच लिहिलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे आणि ते अंगठ्याने टाइप करून संपवावं असं वाटेना. शिवाय नको असलेला मेसेज तू वाचून न वाचल्यासारखा करतेस, ही तुझी सवय मी ओळखून आहे. कागद हातात आला की माणूस शेवटपर्यंत वाचतो. तेव्हा चहा घेऊन निवांत बस.

जानेवारीत आपल्या महिला मंडळाची दौड आहे आणि तू त्यासाठी नागपूरहून येतेस, हे मला पायलकडून कळलं. पायल म्हणजे मंडळाची नवी सेक्रेटरी, तू ओळखत नसशील, चुणचुणीत पोरगी आहे. सकाळी तू आमच्या बायकांबरोबर धावणार आणि संध्याकाळी हळदीकुंकवात तुझा सत्कार. भिलाईच्या मातीतली धावपटू, रेल्वेत मोठ्या पदावर गेलेली आपली लेक, असं बॅनरवर लिहिणार आहेत. पायल मला म्हणाली, ‘‘ताई, रीना मॅमचा परिचय तुम्हीच करून द्या ना, आप तो उनकी बेस्ट फ्रेंड थीं.’’ मी हो म्हटलं. होतेच मी तुझी मैत्रीण.

तर पाय जड का पडतात? आपण तेच असतो, रस्ता तोच असतो, पण आदल्या दिवसाने आपल्यात काय ठेवलं आणि काय काढून घेतलं, त्यावर सगळं अवलंबून असतं. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. जामुलच्या सिमेंट कारखान्यात मी ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला आहे, तुला माहीत असेल किंवा नसेल. तिथे पाळ्या फिरत्या असतात. दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा धावायला लागले, कुणाला न सांगता, डोक्याला रुमाल बांधून. दिवसपाळीच्या आठवड्यात मी वाऱ्यासारखी जायची आणि रात्रपाळीच्या आठवड्यात त्याच सपाट रस्त्यावर चढ लागल्यासारखं व्हायचं. आधी मी कपाळाला हात लावला, म्हटलं, झालं, आपलं अंगच असं. मग एकदा रात्रपाळीनंतर दुपारभर पडदे ओढून गाढ झोपले आणि संध्याकाळी धावून पाहिलं, तर पाय आपले हलके. मग मी प्रत्येक जड दिवसाची उलटतपासणी करायला लागले.

झोप हे पहिलं कारण. दुसरं पाणी. तहान लागली म्हणून प्यायचं पाणी वेगळं आणि आदल्या दिवसापासून अंगात मुरलेलं पाणी वेगळं. आमच्या शेजारणीने उन्हाळ्यात मला सकाळी बासी खायला शिकवलं, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर मीठ आणि कांदा, आणि मी एप्रिलच्या उन्हातसुद्धा धापा न टाकता आले. आदल्या संध्याकाळी पोटात काय गेलं, तेही लागतं. भाताने पाय चालतात, नुसत्या चहाने नाही. मासिक पाळीच्या आधीचे दिवस, ताप येऊन गेल्यानंतरचा आठवडा, पाऊस उघडल्यावरची उमस, यांतलं काहीही पुरतं. घरात भांडण झालेलं असलं तरी पाय ओढावे लागतात, कारण डोक्याने आधीच निम्मी ताकद खर्च केलेली असते. तुझ्या जड दिवसामागे यातलं काहीतरी असणारच. शोध, सापडेल. उगाच कुणी थकत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

उशिरा कळलं कारण मधली वीस वर्षं मी दुसरंच काहीतरी खरं मानून बसले होते. तुला आठवते ती गणेश चतुर्थीची सकाळ? रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून एक मुलगी घ्यायची होती. निवड घेणाऱ्यांत मराठी कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी हरतालिकेच्या दुसऱ्याच दिवशी पंधराशे मीटर ठेवलं. त्या सगळ्या वर्षभरात तू मला एकदाही मागे टाकलं नव्हतंस. हे मी फुशारकीने लिहीत नाही, तुलाही ठाऊक आहे, आपल्याला धावायला शिकवणाऱ्या सरांनाही ठाऊक होतं. पॉवर हाऊस वस्तीतल्या तुमच्या क्वार्टरमध्ये तुझे बाबा, कृष्णरावकाका, मला बघून म्हणायचे, ‘‘आमची रीना हिच्या मागं मागं राहूनच तयार होऊन राहिली.’’

त्या वर्षी मी हरतालिका करणार नव्हते. माझी आई रत्नमालाबाई म्हणजे कर्मठ बाई, पण तीच म्हणाली होती की उद्या धावायचंय, लिंबूपाणी घे, महादेव काही रागावणार नाही. तूच संध्याकाळी पूजेला आलीस. वाळूची पिंड तूच आपल्या हातांनी केलीस, बेल वाहिलास आणि माझा हात धरून म्हणालीस की आपण दोघी निर्जळा करू, दोघी बरोबरीने, मग जी निवडली जाईल ती देवाच्या न्यायाने. मला ते किती आवडलं होतं! मैत्रीत असंच असावं असं वाटलं. आईने पुढे केलेला पेला मी परत केला. तू आरती घेऊन घरी गेलीस, मी घरीही जागरण करणार आहे म्हणालीस आणि इकडे आमच्या घरी शेजारपाजारच्या बायकांनी फुगड्या घालून मला पहाटेपर्यंत उभं ठेवलं.

सकाळी रात्रीचा पाऊस उघडला होता आणि मैदानातून वाफ निघत होती. उत्तरपूजा व्हायची होती, म्हणून मी घोटभरही पाणी घेतलं नाही. पहिली फेरी पुढे होते. दुसऱ्या फेरीत पाय माझे राहिले नाहीत. तिसरीत मी गुडघ्यांवर आले आणि तू शेजारून गेलीस. त्यानंतर मला आठवतं ते फक्त गवत, डोळ्यांच्या अगदी जवळचं.

मला लागलं ते पडण्याचं नाही. लागला तो त्यानंतरचा हिशेब. दोघी उपाशी, दोघी जागलेल्या, एक धावली आणि एक कोसळली, म्हणजे कमी कुणात? माझ्यातच. घरात तेच ठरलं. बाबा, विजयकुमार, स्टील प्लान्टमधले शिस्तीचे क्लार्क, त्यांनी चार लोकांसमोर सांगून टाकलं की पोरगी ऐन वेळी ढेपाळते, तिच्या अंगात तो दम नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, त्यात खोट काढायची नाही, हरतालिकेचं फळ म्हणायचं तर ते मिळालं. सासरी जिना चढताना धाप लागली तरी मी मनात म्हणायची, आपलं अंगच तसं. पोरगी शाळेत धावायला लागली तेव्हा तिलाही मी मागे ओढलं, म्हटलं, आपल्याकडे दम नाही बाई, तू चित्रकला घे. रीना, हे मी तुला माफ करू शकत नाही. माझं घेतलंस ते घेतलंस, पण ते माझ्या तोंडून माझ्या मुलीपर्यंत गेलं.

आणि माझे स्पाइक्स. निवडीनंतर पंधरवड्याने तू घरी आलीस, पेढे दिलेस आणि सहज विचारावं तसं म्हणालीस, तुला आता लागणार नाहीत ना? बाबांनी रायपूरहून आणलेले बूट होते ते. मी कागदात गुंडाळून दिले. तुझी दया येऊन नव्हे, तू ते कमावलेस असं वाटून. तुझ्या रेल्वेतल्या पहिल्या स्पर्धेचा फोटो तुमच्या पद्मनाभपूरच्या घरात टीव्हीच्या वर टांगलेला आहे, त्यात ते स्वच्छ दिसतात.

तो फोटो मी या हरतालिकेला पाहिला. भागाकाकू आता तुझ्या भावाकडे, भूषणकडे पद्मनाभपूरला असतात. कृष्णरावकाका गेल्यापासून त्या फार बाहेर पडत नाहीत, म्हणून दुपारी मीच फळं आणि गजरा घेऊन भेटायला गेले. तुझ्याबद्दल राग नव्हता गं मनात, तुझ्या आईच्या पाया पडायला गेले होते. त्यांनी चहा पुढे केला, मी निर्जळा आहे म्हटलं. माझे सुकलेले ओठ बघून त्या कळवळल्या. म्हणाल्या, ‘‘कावून उपास करून राहिली वो तू? माह्या रीनानं तं कदी केलाच नाही. ते धावाची होती ना, त्या रातीले मी तिले गरम वरणभात न् तूप खाऊ घातलं, दार लावून झोपवून देल्लं, पहाटे दूध देल्लं. मले म्हणे, आई, मृणालले सांगू नोको हं. मोठी हुशार पोरगी माही.’’ आणि माझ्या गालावरून हात फिरवला. आपण काय बोलून गेलो हेही त्यांना कळलं नाही. चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं.

मी तिथून उठले, भूषणच्या बायकोला नमस्कार केला आणि बाहेर येऊन पहिल्या टपरीवर बाटलीभर पाणी प्यायले. बाई गं, इतकं गोड पाणी मी उभ्या आयुष्यात प्यायले नव्हते. उपास तिथेच मोडला, पुढेही करणार नाही. ऑटोत बसून घरी येईपर्यंत मी हसत होते, ऑटोवाला आरशातून बघायला लागला. माझं अंग कधीच कमी नव्हतं. त्याच्यातून झोप काढून घेतली होती, अन्न काढून घेतलं होतं, पाणी काढून घेतलं होतं, आणि ते करणारीने पिंडीवर बेल वाहिला होता.

काका त्या वर्षी रिटायर होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, तुमच्या घराला त्या नोकरीची गरज होती, हे सगळं मला माहीत आहे. भूषण तेव्हा शाळेत होता. मी चार महिने स्वतःला हे सांगून पाहिलं आणि राग तसूभर उतरला नाही. तू सरळ येऊन मागितली असतीस तर मी ती जागा सोडली नसती, खोटं कशाला बोलू? पण मग तू मैदानात लढली असतीस आणि जे झालं असतं ते दोघींचं झालं असतं. तू मला हरवलं नाहीस रीना, हरवायची तुझी हिंमतच झाली नाही. मला याचा सूड घ्यायचाय. शब्द जड वाटत असेल तर वाटू दे. बाईमाणसाने सूड म्हणू नये, झालं गेलं विसरावं, असं मंडळातल्या बायका म्हणतील. त्यांनी विसरावं, त्यांच्या पायांतलं काही गेलेलं नाही.

आता पत्र कशासाठी ते सांगते. त्या दौडीत मीही नाव दिलं आहे. रात्रपाळी बदलून घेतली आहे, गेले चार महिने खास या दौडीसाठी धावते आहे आणि किती वेगाने ते तुला त्या दिवशी कळेल. तुला हे सगळं आधी कळवते आहे, कारण तू केलंस ते मला करायचं नाही. मला तू पूर्ण ताकदीची हवी आहेस. आठवडाभर नीट झोप, आदल्या दिवशी भूक मारू नकोस, सकाळपासून पाणी पीत राहा, नवीन बूट घालून येऊ नकोस. भूषणशी, नवऱ्याशी, कुणाशी भांडू नकोस. जे जे माहीत होतं ते वर लिहिलं आहे, हातचं काही राखलेलं नाही. आणि आजारी पडल्याचं कळवू नकोस. तू आली नाहीस तरी हळदीकुंकू व्हायचंच आहे, तुझा परिचय मीच करून देणार आहे आणि माइक माझ्या हातात असणार आहे. आलीस तर संध्याकाळी मी तुझ्याबद्दल चार गोड वाक्यं बोलेन आणि खाली बसेन, कारण मला जे हवं ते सकाळीच मिळालेलं असेल. भागाकाकूंना मी स्वतः घेऊन येते, जिथे दौड संपते तिथे त्यांची खुर्ची ठेवायला पायलला सांगितलं आहे. हरलीस तर कारण शोधायला जाऊ नकोस. मी एकही शिल्लक ठेवलेलं नाही.

तुझीच,
मृणाल