नाकाची लाली

सोलापूर, पौष महिना, १९३१

सौ. मायाक्का हिला हरिबाचा मनापासून आशीर्वाद. मी हितं बरा हाय. गिरणीचं कामबी चालू हाय.

माझं नाक आन् गाल लालच राहिले, म्हणून इस्पितळात गेलो. तितं विलायतेत शिकून आलेले डाक्टर हायत. त्यांनी पहिलं इचारलं, "दारू पितोस का?"

मी म्हणलं, "न्हाय जी."

"बरं. मग पोट बघू," ते म्हणले.

उपाशीपोटी पेज पाजली आन् रबराची बारीक नळी गिळायला लावली. मळमळलं लई, पण दुखलं न्हाय, काळजी करू नको. नळीतनं पोटातला रस काढून तपासला. त्यात तेजाब, म्हंजी अन्न पचवणारं आंबट पाणी, कमी निघालं. विलायतेतबी अशा लाल तोंडाच्या काही लोकांच्यात असंच सापडलंय म्हणं. आता जेवताना औषधी तेजाबाचे थेंब पाण्यातनं घेतो. लई पातळ असतंय, भाजत न्हाय. तिखट खाणं आन् कढत चहा बंद केलाय. "गुण येईलच असं सांगता येत न्हाय," डाक्टर सरळ बोलले.

शेळी व्याली का? तुझ्या आईचा खोकला कसा हाय?

तुझे वडील दारूनं गेले. माझं तोंड बघून तू भ्यालीस आन् माहेरी गेलीस, त्याचा मला राग न्हाय. डाक्टर तुझ्यासाठी चिठ्ठी लिहून देत होते, मीच नको म्हणलं. मी पीत न्हाय, हे तू माझ्याच शब्दावर मानावंस.

तोंड असंच लाल राहिलं तरी येशील का, तेवढं कळव.

तुझी वाट बघणारा,
हरिबा